खान्देशातली दगडफुलं: शोधायची कुठे आणि फोटो काढायचा कसा

दगडफूल म्हटलं की आपल्याकडे आधी काळा मसाला आठवतो. हे झाडाला आणि खडकाला लागतं, आणि तेही आपल्या शिवारात, हे सांगितलं तर निम्मे लोक मान हलवतात. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जाणारा हा मुलूख, इथे कसली आली दगडफुलं, त्यासाठी आंबोली-महाबळेश्वरला जावं, असा एकूण सूर असतो. पण ती इथेही आहेत. फक्त जागा पारखून बसलेली असतात. कोकणात एखाद्या झाडाच्या चारही अंगांना दिसतील, आपल्याकडे एकाच अंगाला. ते अंग ओळखता आलं की अर्धं काम झालं. उरलेलं अर्धं म्हणजे असा फोटो काढणं, की जो पाहून जाणकाराला काहीतरी सांगता येईल. नुसता देखणा फोटो या कामी फारसा उपयोगाचा नाही.

दगडफूल, शैवाक, लायकेन ही सगळी एकाच जिवाची नावं, आणि तो जीवही एकटा नाही. बाहेरचं घर बुरशीचं, आत राहून उन्हावर अन्न तयार करणारं शैवाल किंवा नीलहरित जीवाणू. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सायमन श्वेन्डेनर यांनी १८६०च्या दशकाच्या अखेरीस ही जोडी असल्याचं मांडलं तेव्हा बऱ्याच जणांनी ते उडवून लावलं होतं. झाडाच्या सालीतून हे काही शोषत नाही, त्यामुळे ‘झाडाला रोग लागलाय’ म्हणून चुना फासणाऱ्याला जरा थांबवा.

आधी स्वयंपाकघरात सराव

रानात जायच्या आधी किराणा दुकानातून दहा-वीस रुपयांचं दगडफूल आणा. बाजारात येणारा माल बहुतेक हिमालयाकडचा असतो आणि एका पुडीत चार-पाच जाती सहज मिसळलेल्या असतात, म्हणून सरावाला उत्तम. एक मोठा तुकडा पांढऱ्या बशीत ठेवून आधी कोरडाच बघा. वरची बाजू राखी, खालची काळी, कडेला तपकिरी पट्टा. खालच्या बाजूला बारीक काळे धागे असतील, त्यांनीच ते सालीला धरून असतं. काही तुकड्यांच्या कडेला पापणीसारखे केस दिसतील. काहींच्या पृष्ठभागावर पिठासारखी भुकटी किंवा बारीक दाणे असतील. भुकटी आणि दाणे यांतला फरक भिंगातून नीट बघून ठेवा, ओळख पटवताना पुढे तोच प्रश्न सगळ्यात आधी येतो. एखादा तुकडा दोऱ्यांच्या गुंत्यासारखा निघाला तर तो वेगळ्याच घडणीचा.

आता त्यावर पाण्याचे चार थेंब टाका. ताजा माल असेल तर राखी रंगाखालून हिरवट झाक वर येते, कारण वरचा थर भिजला की पारदर्शक होतो आणि आतलं शैवाल दिसू लागतं. जुन्या, वाळून गेलेल्या मालात ही झाक फिकी असते. रानातल्या जिवंत दगडफुलावर हाच बदल काही मिनिटांत डोळ्यांदेखत होतो. म्हणजे एकाच दगडफुलाचे दोन चेहरे, आणि फोटो दोन्हींचे हवेत.

सोबत काय घ्यायचं

दहापट भिंग सगळ्यात महत्त्वाचं, कॅमेऱ्याहूनही. जळगावच्या सराफ बाजारात सोनार जे डोळ्याला लावतात तेच घ्या. घडी घालून खिशात राहतं आणि दोरी बांधून गळ्यात अडकवता येतं. भिंग डोळ्याला टेकवायचं आणि आपण पुढे झुकायचं. हात लांब करून वर्तमानपत्र वाचल्यासारखं धरलं तर काही दिसत नाही.

त्याशिवाय फवाऱ्याची छोटी बाटली. तीत पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी भरा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, वाळल्यावर पांढरे डाग उमटतात आणि दुसऱ्यांदा गेल्यावर तेच डाग दगडफूल समजून बघत बसायची वेळ येते. मोजमापासाठी प्लास्टिकची फूटपट्टी कापून केलेला पाच सेंटिमीटरचा तुकडा ठेवा. बरेच जण रुपयाचं नाणं ठेवतात, पण नाण्यांचे आकार मालिकेगणिक बदललेले आहेत, फोटो बघणाऱ्याला कोणतं ते कळणार कसं? एक पांढरी छत्री, चिप्सचं रिकामं पाकीट, वही-पेन्सिल, आणि गुडघे टेकायला गोणपाट. पेन नको, दवात शाई पसरते.

कधी निघायचं

जुलै ते फेब्रुवारी हा हंगाम. पावसाळ्यात दगडफुलं भिजून टवटवीत असतात, पण खडक निसरडा, लेन्सवर वाफ आणि गवत कंबरेएवढं. पोळ्यानंतर उघडीप मिळाली की ऑक्टोबरपर्यंतचे दिवस मला सगळ्यात सोयीचे वाटतात. डिसेंबर-जानेवारीतही जा, मात्र पहाटे. आपल्याकडे थंडी चांगली कडक पडते, दव पडतं, आणि त्या दवानेच दगडफुलं हिरवी होतात. ऊन वर आलं की तासाभरात पुन्हा राखी. मार्च ते जून त्यांना आणि स्वतःलाही विश्रांती द्या.

कोणत्या अंगाला बघायचं

जळगाव-धुळे साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. मे अखेर ते जुलै मध्य एवढे दिवस सोडले तर दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडे झुकलेला असतो. त्यामुळे झाड असो, भिंत असो की खडक, उत्तरेकडचं आणि ईशान्येकडचं अंग कमी भाजतं. सुरुवात तिथून. पश्चिमेचं अंग दुपारनंतरच्या उन्हात करपतं, तिथे चिवट जातीच तग धरतात.

दुसरी खूण पाण्याची वाट. झाडाच्या दोन फांद्या जिथे फुटतात तिथून पावसाचं पाणी ओघळत खाली येतं. त्या ओघळाच्या दोन्ही कडांना बघा. खडकावरही तेच. मात्र खडकावरून उतरणारे काळे पट्टे म्हणजे बहुतेक वेळा निव्वळ नीलहरित जीवाणू. त्यांच्या काठाला ऑलिव्ह रंगाचे, नखाहून लहान खवले दिसले तर मात्र थांबा. उन्हाने तापणाऱ्या उघड्या खडकावर राहणारं ‘पेल्टुला’ हे शैवाक असंच दिसतं. कोरडं असताना नजर त्यावरून घसरून जाते.

जागांची निवड गावापासूनच करा. जुनी आमराई सगळ्यात उत्तम: आंब्याची साल खडबडीत, झाड पन्नास-साठ वर्षं एका जागी उभं, सावली भरपूर. आंब्याच्या खोडावर ‘पिक्सिने’ गटातली, खोडाला घट्ट चिकटलेली, मिलिमीटरभर रुंदीच्या पाळ्यांची (कडेला फुटलेल्या पट्ट्यांची) राखी चकती बहुधा पहिल्या दिवशीच भेटेल. धूळ-धुराला ती फारशी जुमानत नाही, त्यामुळे रस्त्याच्या कडेच्या झाडावरही दिसते. गुळगुळीत सालीच्या झाडांवर वेगळी मजा असते. पांढऱ्या पापुद्र्यावर काळ्या, वळणावळणाच्या रेघा, कुणी बारीक लेखणीने काहीतरी खरडून ठेवावं तशा. हे ‘ग्राफिस’, आणि त्या रेघा म्हणजे त्याचे बीजाणू तयार करणारे भाग. लिंब, बाभूळ, चिंच यांवरही नजर टाका, पण साल सोलून टाकणाऱ्या सालईवर वेळ घालवू नका. केळीच्या बागेत तर जाऊच नका, ते खोड टिकतंच किती दिवस!

मग विहिरीचे आणि बारवांचे कठडे, गढीच्या पायाचे दगड, हेमाडपंती देवळांच्या भिंती. साक्री तालुक्यातलं बळसाणे आणि चाळीसगावजवळचं पाटणादेवी ही दोन ठिकाणं त्यासाठी चांगली. काळ्या दगडावर एक जात आणि दोन दगडांमधल्या चुन्यावर अगदी दुसरी, असं तिथे एका वितीच्या आत दिसू शकतं. चुन्यावरचा नारिंगी ठिपका बहुधा ‘कॅलोप्लाका’ गटातला.

आणि आता ज्या जागेकडे कुणी बघत नाही ती. धुळे-नंदुरबारकडे माळावरून लांबच लांब, भिंतीसारखे सरळ काळे डोंगर जातात ना, ते म्हणजे लाव्हा जमिनीच्या भेगांत थिजून तयार झालेले डाइक. भोवतालचा खडक झिजला, हे उभे राहिले. त्यांतले बरेचसे साधारण पूर्व-पश्चिम पसरलेले आहेत. म्हणजे प्रत्येकाला आपोआप एक लांबलचक उत्तर बाजू मिळाली आहे! सकाळी दक्षिण उतारावरून चढा, माथ्यावरून पलीकडे डोकवा, दोन्ही बाजूंच्या खडकांचे फोटो काढा आणि ते शेजारी शेजारी ठेवून बघा. उन्हाचा आणि दगडफुलांचा हिशेब इतका उघड दुसरीकडे कुठे दिसेल असं मला वाटत नाही.

पानासारखी मोठी, सैल दगडफुलं हवी असतील तर सातपुडा चढावा लागतो. तोरणमाळ सुमारे ११५० मीटरवर आहे; ढग, गारवा, जुनी झाडं सगळं मिळतं. यावल अभयारण्य आणि पाल परिसरही चांगला. किल्ल्यांत धुळ्याजवळचा, महामार्गालगतचा लळिंग जाण्यायेण्याला सोपा.

हे दगडफूल नाही

आपल्याकडचा सगळ्यात मोठा चकवा खडकातच आहे. बेसॉल्टमध्ये वायूच्या बुडबुड्यांच्या जागी झिओलाइट आणि कॅल्साइटचे पांढरे स्फटिक भरलेले असतात. चार पावलांवरून ते अगदी पांढऱ्या शैवाकासारखे दिसतात. भिंग लावा: चकाकणारे सपाट पैलू दिसले तर स्फटिक. पाणी फवारून पाच मिनिटं थांबा: रंग जसाच्या तसा राहिला तरी संशय स्फटिकावर. पक्ष्यांची शिट, चुन्याचे शिंतोडे, निवडणुकीत उडालेला रंग हेही फसवतात. पावसाळ्यात भिंतीवर येणारी नारिंगी मखमल हे नुसतं शैवाल असू शकतं. आणि कांडोळाचं पांढरंफटक खोड हा त्या झाडाचा स्वतःचाच रंग.

फोटोचा क्रम

क्रम बदलू नका, कारण एकदा पाणी मारलं की कोरडा चेहरा लगेच परत मिळत नाही.

पहिला फोटो पूर्ण झाडाचा किंवा खडकाचा, आजूबाजूच्या खुणेसकट. दुसरा हातभर अंतरावरून: दगडफूल किती पसरलंय, शेजारी कोण आहे, सालीचा पोत कसा. तिसरा जवळून, मोजपट्टी ठेवून, कोरडा. चौथा त्याहून जवळून, मोजपट्टीशिवाय: पाळ्यांची टोकं, मधल्या काळ्या किंवा तपकिरी चकत्या, भुकटी, दाणे. मग पाणी फवारा, पाच मिनिटं बिस्किट खा, आणि तिसरा-चौथा फोटो पुन्हा त्याच कोनातून. शेवटी, पानासारखं असेल तर आपसूक उचललेली कड पेन्सिलीच्या टोकाने हलकेच वर करून खालच्या बाजूचा. कड उचललेली नसेल तर राहू द्या, ओढू नका. ही वाढ वर्षाला काही मिलिमीटर, खडकाला चिकटलेल्या जातींत त्याहूनही कमी. तळहाताएवढी चकती तुमच्या आजोबांच्या वयाची असू शकते.

कॅमेरा नेहमी पृष्ठभागाला समांतर धरा. एकास एक आकारात (वस्तू कॅमेऱ्याच्या सेन्सरवर मूळ आकाराएवढीच उमटते तेव्हा) एफ/८ ला, म्हणजे लेन्सच्या छिद्राच्या त्या मापाला, जेमतेम मिलिमीटरभर खोली स्पष्ट येते. कॅमेरा थोडा जरी तिरका झाला तर अर्धी चकती धूसर. एफ/८ ते एफ/११ ठेवा. एफ/१६ च्या पुढे गेल्यावर खोली वाढते पण बारकावे मऊ पडतात. ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स असेल तर बसायला जागा राहते आणि स्वतःची सावली पडत नाही. तिपाई लावली तर आयएसओ १०० आणि दोन सेकंदांचा टायमर. हातात धरून काढायचा तर शटर १/१२५ च्या खाली नको. उंचसखल दगडफुलासाठी फोकस थोडाथोडा सरकवत सात-आठ फोटो घ्या आणि घरी संगणकावर एकत्र जोडा. वारा असेल तर डहाळीवरच्या दगडफुलावर हा उद्योग करू नका, खोडावर खुशाल करा.

काळ्या खडकावरच्या फिकट दगडफुलाचा फोटो बहुतेकांचा बिघडतो तो एकाच कारणाने. कॅमेरा बघतो काळा खडक, त्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि मधली पांढरी चकती जळून कोरी होते. उजेड मुद्दाम कमी करा, उणे ०.७ पासून सुरुवात. उलट चौकट भरून पांढरंच असेल तर अधिक ०.३ किंवा ०.७, नाहीतर ते मळकट राखी येईल.

प्रकाश दोन प्रकारचा हवा. रंगासाठी मऊ: ढगाळ दिवस, नाहीतर पांढरी छत्री उन्हात आडवी धरा. काळी छत्री सावली देते पण रंग मारते. उठावासाठी मात्र तिरका प्रकाश लागतो. सकाळचं ऊन खोडाला घासून जात असेल तेव्हा चकत्यांच्या कडा, सुरकुत्या, दाणे सगळं उभं राहतं. तसं ऊन नसेल तर चिप्सच्या पाकिटाच्या चंदेरी बाजूने उजेड एका कडेने सारा. फ्लॅश समोरून मारू नका. सागाच्या किंवा आंब्याच्या गर्द सावलीत सगळ्यावर हिरवी झाक येते, म्हणून त्याच उजेडात एका पांढऱ्या कागदाचा फोटो घेऊन ठेवा, घरी रंग त्यावरून सुधारता येतो.

मोबाइलवाल्यांनी खट्टू होऊ नये. बोट दाबून ठेवून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा, मग उजेडाची पट्टी किंचित खाली ओढा. बऱ्याच फोनचा मॅक्रो प्रकार आपोआप रुंद लेन्सवर जातो. त्यासाठी फोन इतका जवळ न्यावा लागतो की त्याचीच सावली पडते आणि कडा वाकड्या येतात. त्यापेक्षा मॅक्रो बंद करा, वीतभर मागे या, दुप्पट झूमवर काढा आणि घरी कापा. अगदी बारकाव्यांसाठी भिंग थेट फोनच्या लेन्सवर टेकवून बघा, जमून आलं तर चकतीची कडसुद्धा स्वच्छ येते.

रात्रीचा एक प्रयोग

३६५ नॅनोमीटरची अतिनील बॅटरी मिळाली तर आमराईत अंधार पडल्यावर जा. दिवसा मळकट राखी दिसणारी ‘पिक्सिने कोकोएस’ तिच्याखाली पिवळी धमक उजळते, कारण तिच्या वरच्या थरात लायकेक्झान्थोन नावाचं द्रव्य असतं. शेजारची, दिवसा जवळपास तशीच दिसणारी दुसरी जात मात्र काळोखातच राहते. हा फोटो तिपाईवर, दोन ते चार सेकंदांचा. ही बॅटरी कुणाच्याही डोळ्यांवर मारायची नाही, पोरं सोबत असतील तर तिला हातच लावू देऊ नका.

माणसं, साप आणि परवानगी

झाडाच्या बुंध्याला नाक लावून बसलेला माणूस दिसला की कुणीतरी येऊन विचारणारच, “काय करी ऱ्हायना भाऊ?” त्याच्या हातात भिंग द्या. गुप्तधनाचा संशय फिटतो, आणि पुढची जुनी झाडं कुठे आहेत ते तोच सांगतो. शेतात शिरण्याआधी मालकाला विचारा. कापसाला फवारणी झाली असेल तर त्या बांधाला दोन-तीन दिवस जाऊ नका.

खडकाच्या कपारीत हात घालायचा नाही. फुरसं नेमकं अशाच दगडांखाली असतं आणि त्याचा रंग मातीत मिसळून जातो. आधी काठी आपटा, मग गुडघा टेका. कड्याला किंवा किल्ल्याच्या बुरुजाला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर तो भाग सोडून द्या. यावल, अनेर, गौताळा औट्रमघाट ही अभयारण्यं आहेत. तिथे वन विभागाच्या परवानगीनेच जायचं आणि काहीही तोडून किंवा खरवडून आणायचं नाही. देवळावर आणि लेण्यांत तर नखसुद्धा लावू नका.

नोंद आणि नाव

प्रत्येक दगडफुलामागे वहीत एक ओळ: तारीख, गाव, झाडाचं किंवा दगडाचं नाव, कोणतं अंग, जमिनीपासून किती उंच, कोरडं की ओलं. झाडाचं नाव नसलेला फोटो जाणकाराकडे पाठवला की त्याचा पहिला प्रश्न तोच येतो. फोनमध्ये स्थान चालू ठेवा म्हणजे अक्षांश-रेखांश फोटोतच राहतात.

फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर टाका, एका दगडफुलाचे सगळे फोटो एकाच नोंदीत. पानासारख्या दगडफुलांना बऱ्याचदा कुळापर्यंत नाव मिळतं. खडकाला चिकटलेल्यांना ते मिळेलच असं नाही. त्यांची जात ठरवायला बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली बघावे लागतात आणि रसायनांच्या चाचण्या कराव्या लागतात. भारतात अडीच हजारांहून अधिक जातींची नोंद आहे, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत, लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत हे काम अनेक वर्षं झालेलं आहे. संकेतस्थळ आपोआप सुचवतं ते नाव डोळे झाकून स्वीकारू नका. त्याला परदेशातले फोटो जास्त दिसलेले असतात, आपल्या आमराईतले कमी.

उंच फांद्यांवर काय आहे हे खालून कधीच कळत नाही. त्यासाठी उन्हाळ्यातल्या विश्रांतीला एक अपवाद करा: वळवाच्या वादळानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच्या किंवा ओळखीच्याच्या बांधावर जा. मोडून पडलेल्या आंब्याच्या डहाळ्या उचला, सरपणाला जायच्या आत. शेंड्याकडच्या, उन्हात राहणाऱ्या जाती तिथे मिळतात. डहाळी पाटावर आडवी ठेवा, खिडकीच्या उजेडात निवांत सगळा क्रम करा, आणि नोंदीत ‘पडलेली फांदी’ असं लिहायला विसरू नका, नाहीतर उंचीच्या रकान्यात शून्य पडायचं.